परराष्ट्र धोरण एका माणसाच्या स्वभावावर चालते तेव्हा : नेहरू, चीन आणि बाबासाहेबांचा आक्षेप

ऑक्टोबर-नोव्हेंबर महिना आला, १९६२च्या युद्धाची आठवण निघाली, की आपल्या कार्यकर्त्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर फिरू लागतो. "बाबासाहेबांनी आठ वर्षे आधी सांगितले होते, नेहरूंनी ऐकले नाही." मग वाद रंगतो. कुणी नेहरूंना भोळे ठरवतो, कुणी त्याहून पुढे जातो, कुणी नेहरूंच्या बचावाला उभा राहतो. बाबासाहेब नेमके काय बोलले, कुठे बोलले आणि त्यांचा मूळ आक्षेप कशावर होता, हे मात्र गटातल्या फार थोड्यांनी वाचलेले असते. आम्हाला वाटते, हा विषय नेहरू चांगले की वाईट एवढ्यावर सोडून देण्यासारखा नाही. एका नेत्याचा स्वभाव एका मोठ्या देशाचे परराष्ट्र धोरण कसा घडवतो आणि कसा बिघडवतो, हे समजून घ्यायला यापेक्षा जवळचे उदाहरण आपल्याकडे नाही. आणि त्या उदाहरणात एक साक्षीदार आपला आहे.

आधी एक साधा प्रश्न. एखादा देश दुसऱ्या देशाशी कसा वागेल हे कोण ठरवते? केनेथ वॉल्ट्झ या अमेरिकन अभ्यासकाने १९५९ साली 'मॅन, द स्टेट अँड वॉर' या पुस्तकात युद्धाची कारणे तीन पातळ्यांवर शोधली : माणूस, राज्यव्यवस्था आणि देशादेशांमधली सत्तेची मांडणी. स्वतः वॉल्ट्झचा कल तिसऱ्या पातळीकडे होता. म्हणजे खुर्चीवर कोणीही बसले तरी भूगोल, शेजारी आणि ताकदीचे गणित त्याला ठरावीक दिशेनेच ढकलते. हे पुष्कळ खरे आहे. हिमालय नेहरूंनी उभा केला नव्हता आणि तिबेटमध्ये चिनी फौज त्यांनी पाठवली नव्हती. पण ढकलले जाताना कोण किती वाकतो, कोण कुठे अडून बसतो, कोणाला समोरचा माणूस मित्र वाटतो आणि कोणाला शत्रू, हे माणसावर असते. देश नवा असेल, खाते नवे असेल आणि त्या विषयातला जाणकार म्हणून एकच माणूस ओळखला जात असेल, तर त्या माणसाचा स्वभाव म्हणजेच धोरण होऊन बसते.

भारतात नेमके तेच झाले. ऑगस्ट १९४७ पासून मे १९६४ मध्ये मृत्यू होईपर्यंत, म्हणजे जवळजवळ १७ वर्षे, जवाहरलाल नेहरू पंतप्रधान होते आणि परराष्ट्र मंत्रीही तेच होते. स्वातंत्र्यापूर्वीही काँग्रेसमध्ये जगाच्या राजकारणावर बोलायचे तर नेहरूंनीच, असा रिवाज पडला होता. १९२७ साली ब्रुसेल्सच्या साम्राज्यशाहीविरोधी परिषदेला ते काँग्रेसचे प्रतिनिधी म्हणून गेले होते. १९३९ साली ते चीनला जाऊन आले होते. बाकीच्या पुढाऱ्यांचे लक्ष फाळणी, निर्वासित, संस्थाने, अन्नटंचाई यांत गुंतलेले. परराष्ट्र खाते त्यांनी पंडितजींवर सोडून दिले. सोडून दिले हा शब्द आम्ही मुद्दाम वापरतो आहोत.

नेहरूंचा स्वभाव कसा होता? ते इतिहासाचे वाचक होते आणि इतिहासाच्या मोठ्या चित्रात विचार करत. भारत आणि चीन या आशियातल्या दोन प्राचीन संस्कृती, दोन्ही परकीय सत्तेने पिळलेल्या, आता दोन्ही उठून उभ्या राहत आहेत, तेव्हा त्यांच्यात वैर असण्याचे कारणच नाही, हे त्यांना मनापासून वाटे. अमेरिका आणि रशिया यांच्या गटबाजीचा त्यांना तिटकारा होता. स्वतःच्या समजुतीवर दांडगा विश्वास होता. टीका त्यांना चालत असे, संसदेत ते तासन्तास बसून ऐकत, पण ऐकून मत बदलले असे परराष्ट्र धोरणात फारसे घडले नाही.

या स्वभावाने देशाला काहीच दिले नाही असे म्हणणे खोटेपणाचे होईल. कोरियाच्या युद्धानंतर युद्धकैद्यांचा प्रश्न सोडवण्यासाठी नेमलेल्या तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्षपद भारताकडे आले आणि जनरल थिमय्या यांनी ते सांभाळले. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या, धान्य आयात करणाऱ्या देशाचा शब्द जगात ऐकला जात होता. त्यामागे नेहरूंचे व्यक्तिमत्त्व होते, हे त्यांच्या विरोधकांनीही नाकारू नये.

अडचण अशी की ज्या आत्मविश्वासाने ही पत मिळवली, त्याच आत्मविश्वासाने इशारे बाजूला सारले.

चिनी फौजा तिबेटमध्ये शिरल्यावर सरदार पटेलांनी ७ नोव्हेंबर १९५० रोजी नेहरूंना लांबलचक पत्र लिहिले. उत्तरेची सीमा आता सुरक्षित राहिलेली नाही, चीनच्या हेतूंबद्दल आपण गाफील आहोत, संरक्षणाची फेरआखणी करायला हवी, असा त्याचा आशय. १५ डिसेंबरला पटेल वारले. नेहरूंना बरोबरीच्या नात्याने अडवू शकणारा मंत्रिमंडळातला सर्वांत वजनदार माणूस गेला.

नऊ महिन्यांनी, सप्टेंबर १९५१ मध्ये, बाबासाहेबांनी राजीनामा दिला. हिंदू कोड बिलासाठी दिला, एवढे आपल्या मुलांना पाठ असते. पण १० ऑक्टोबर १९५१ चे त्यांचे राजीनाम्याचे निवेदन पूर्ण वाचावे. त्यात परराष्ट्र धोरणाला स्वतंत्र जागा आहे. वर्षाला ३५० कोटी रुपये महसूल येतो आणि त्यातले १८० कोटी लष्करावर जातात, असा हिशेब त्यांनी मांडला आणि हा बोजा आपल्या परराष्ट्र धोरणाचे थेट फळ आहे, असे म्हटले. १९४७ साली सारे जग आपले मित्र होते, चार वर्षांत आपण एकटे पडलो, हीही त्यांची तक्रार होती. काश्मीरपेक्षा पूर्व बंगालमधल्या आपल्या माणसांच्या हालांकडे अधिक लक्ष द्यायला हवे, असे ते म्हणतात. पूर्व बंगालच्या दुर्लक्षित प्रश्नाने पुढे वीस वर्षांनी कोणते रूप घेतले, ते पुढे येईलच.

पण आमच्या मते त्या निवेदनातला सर्वांत महत्त्वाचा भाग वेगळाच आहे आणि तो व्हॉट्सॲपवर कधीच फिरत नाही. बाबासाहेब सांगतात की परराष्ट्र व्यवहार समिती, संरक्षण समिती अशा मंत्रिमंडळाच्या मुख्य समित्यांवर त्यांना कधी घेतलेच नाही. महत्त्वाचे निर्णय या समित्यांमध्ये होतात आणि मंत्रिमंडळ त्या निर्णयांची केवळ नोंद करणारे कार्यालय होऊन बसले आहे. घटनेच्या मसुदा समितीचा अध्यक्ष, अर्थशास्त्राचा डॉक्टर, देशाचा कायदामंत्री, आणि सीमेवर काय ठरते आहे यात त्याला बसायला जागा नाही! हा अपमान व्यक्तिगत होताच. पण तक्रार व्यक्तिगत नव्हती. घटनेने सामूहिक जबाबदारी सांगितली आणि प्रत्यक्षात कारभार मोजक्या माणसांच्या विश्वासावर चालला, हा तो मुद्दा आहे. माणूस चुकतो तेव्हा त्याला थांबवणारी व्यवस्था लागते, आणि तीच येथे गैरहजर होती.

आता पंचशीलाकडे येऊ, कारण हा शब्द आपल्या रोजच्या जगण्यातला आहे. २९ एप्रिल १९५४ रोजी पेकिंगमध्ये भारत आणि चीन यांनी तिबेटमधल्या व्यापार आणि प्रवासासंबंधीचा करार केला. त्याच्या मजकुरातच तिबेटचा उल्लेख 'चीनचा तिबेट प्रदेश' असा आहे. यातुंग आणि ग्यान्त्से येथे भारताच्या लहान लष्करी तुकड्या असत, त्या काढून घेण्याचे ठरले. टपाल आणि तारेची व्यवस्था चीनकडे गेली. आणि प्रस्तावनेत पाच तत्त्वे आली : एकमेकांच्या प्रदेशाचा आणि सार्वभौमत्वाचा आदर, अनाक्रमण, अंतर्गत कारभारात ढवळाढवळ नको, समानता आणि परस्परहित, शांततामय सहजीवन. या पाच तत्त्वांना भारतात नाव मिळाले पंचशील.

विहारात आपण जे पंचशील घेतो ते काय आहे? प्राणिहिंसेपासून, चोरीपासून, कामातल्या दुराचारापासून, खोटे बोलण्यापासून आणि नशेपासून दूर राहण्याचा निश्चय. हा निश्चय माणूस स्वतःपुरता करतो. शेजारचा पाळतो की नाही, यावर तो अवलंबून नसतो. शेजारी खोटे बोलला म्हणून माझे शील सुटत नाही. दोन सरकारांमधला करार अगदी उलट्या पायावर उभा असतो : तू पाळशील तर मी पाळीन, आणि कोणी मोडला तर काय करायचे याची तयारी दोघांनीही ठेवलेली असते. धम्मातला शब्द उचलून कराराला लावला की कराराला पावित्र्य आल्यासारखे वाटते. पाळले गेले नाही तर पुढे काय, हा प्रश्न मग विचारायचाच राहून जातो.

बाबासाहेब त्या वेळी राज्यसभेत होते. त्याच वर्षी भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत त्यांचा पराभव झाला होता, तब्येत ढासळत होती. २६ ऑगस्ट १९५४ रोजी परराष्ट्र धोरणावरच्या चर्चेत ते बोलायला उभे राहिले. पंतप्रधान हे पंचशील इतक्या गांभीर्याने घेतात याचे त्यांनी आश्चर्य व्यक्त केले. पंचशील हा बुद्धाच्या धम्माचा महत्त्वाचा भाग आहे आणि माओंचा त्यावर जराही विश्वास असता तर ते आपल्या देशातल्या बौद्धांशी वेगळे वागले असते, असा त्यांचा युक्तिवाद होता. ल्हासा चीनच्या ताब्यात जाऊ देऊन आपणच चीनची हद्द आपल्या दाराशी आणून ठेवली, हेही त्यांनी बजावले. बुद्धाच्या नावाने राजकारण गोड करू पाहणाऱ्यांना, दोन वर्षांनी लाखो लोकांसह बुद्धाच्या मार्गाने जाणारा माणूस हे सुनावत होता, ही गोष्ट आम्हाला मोलाची वाटते. शील आणि भाबडेपणा यांची त्यांनी कधी गल्लत केली नाही.

येथे नेहरूंच्या स्वभावातली एक गंमत सांगायला हवी. ते केवळ भोळे असते तर गोष्ट सोपी होती. करारानंतर दोनच महिन्यांनी, जुलै १९५४ मध्ये, त्यांनी उत्तरेची सीमा पक्की दाखवणारे नवे नकाशे काढण्याचे आदेश दिले; ही सीमा कोणाशीही चर्चेला खुली नाही, अशी भूमिका घेतली. म्हणजे मनात सावधपणा होता. पण ज्या चीनशी सीमेबद्दल बोलायचे होते, त्याच्याशी करार करताना तो विषयच काढला नाही. आपण आपला नकाशा छापला, त्यांनी हरकत घेतली नाही, म्हणजे मान्य केले, हे गृहीत धरले. आपल्याला जे उघड दिसते ते समोरच्यालाही तसेच दिसते, असे मानणाऱ्या बुद्धिमान माणसाची ही चूक आहे.

पुढचा घटनाक्रम झपाट्याने पाहू. १९५७ साली अक्साई चीनमधून जाणारा चीनचा रस्ता पुरा झाला. संसदेला त्याची अधिकृत माहिती ऑगस्ट १९५९ मध्ये मिळाली. मार्च १९५९ मध्ये दलाई लामा ल्हासा सोडून भारतात आले. त्यांना आश्रय दिला, हा नेहरूंचा आम्हाला सर्वांत आदरणीय वाटणारा निर्णय. त्याच वर्षी लोंगजू आणि कोंगका येथे चकमकी झाल्या, देशात संताप उसळला. आणि ज्या माणसाने नऊ वर्षे विश्वासाचे धोरण चालवले, तोच आता जराही मागे सरकायला तयार होईना. एप्रिल १९६० मध्ये चाऊ एन-लाय दिल्लीत आले आणि काही न ठरता परतले. विश्वासघाताची जखम फार खोल होती, शिवाय संसद आणि वर्तमानपत्रे डोळ्यात तेल घालून पाहत होती.

नोव्हेंबर १९६१ पासून वादग्रस्त भागात पुढे पुढे चौक्या उभारण्याचे धोरण सुरू झाले. चीन मोठा हल्ला करणार नाही, ही त्यामागची समजूत. तिला आधार कशाचा? मुख्यतः नेहरूंच्या जगाच्या आकलनाचा. संरक्षण मंत्री व्ही. के. कृष्ण मेनन हे त्यांचे लंडनच्या दिवसांपासूनचे स्नेही, तल्लख आणि तिरसट. सेनापतींशी त्यांचे इतके बिनसले की ऑगस्ट १९५९ मध्ये लष्करप्रमुख थिमय्यांनी राजीनामा दिला होता. नेहरूंनी तो मागे घ्यायला लावला आणि मेनन जागेवरच राहिले. ईशान्येकडे ज्या नव्या कोअरवर सारी भिस्त होती, ती लेफ्टनंट जनरल बी. एम. कौल यांच्याकडे गेली. तेही मर्जीतले. ही सारी माणसे नालायक होती असे आमचे म्हणणे नाही. पण पंतप्रधानांची समजूत चुकीची आहे असे स्पष्ट सांगून जो टिकेल, असा माणूस त्या वर्तुळात उरला नव्हता.

२० ऑक्टोबर १९६२ रोजी हल्ला झाला. महिनाभरात, २१ नोव्हेंबरला, चीनने एकतर्फी युद्धबंदी केली. मधल्या काळात आपण स्वतःच तयार केलेल्या कृत्रिम वातावरणात जगत होतो, अशी कबुली नेहरूंनी दिली. मेनन गेले आणि मुंबईहून यशवंतराव चव्हाण संरक्षण मंत्री म्हणून दिल्लीत गेले. 'सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला' हे वाक्य आपल्या आजोबांच्या पिढीच्या तोंडी असे, ते तेव्हाचे. अलिप्ततेचा पुरस्कर्ता अमेरिकेकडे विमाने मागत होता. चीनच्या बाजूलाही एका माणसाचा स्वभाव काम करत होता. 'मोठी झेप' फसून दुष्काळात कोट्यवधी लोक मेले, तरी माओंना कोणी ठामपणे नाही म्हणू शकत नव्हते. फरक इतकाच की आपल्याकडे संसद होती, पत्रे होती, बाबासाहेबांसारखी माणसे होती. बोलण्याची मुभा होती. बोललेले निर्णयाच्या खोलीत पोहोचत नव्हते.

आता १९७१ पाहा. पूर्व बंगालातून सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले होते. लगेच सैन्य घुसवा, असा दबाव होता. इंदिरा गांधी कणखर, संशयी, मितभाषी, वडिलांच्या अगदी उलट. पण त्या वर्षी त्यांच्या भोवती पी. एन. हक्सर, डी. पी. धर, रामनाथ काव, सॅम माणेकशॉ अशी माणसे होती आणि त्यांचे ऐकले जात होते. तयारी पुरी होईपर्यंत थांबण्याचा सल्ला मानला गेला. ९ ऑगस्टला सोव्हिएत संघाशी करार झाला, मग पाश्चात्त्य राजधान्यांचा दौरा, आणि युद्ध ३ डिसेंबरला सुरू होऊन १६ डिसेंबरला संपले. समोर वॉशिंग्टनमध्ये निक्सन आणि किसिंजर होते. निक्सन यांना इंदिराजींबद्दल व्यक्तिगत राग होता, हे त्यांच्याच ध्वनिफितींतून पुढे बाहेर आले. शिवाय चीनकडे जाण्याची गुप्त वाट याह्याखानांमार्फत उघडत होती. ढाक्यातले अमेरिकेचे वाणिज्यदूत आर्चर ब्लड आणि त्यांचे सहकारी मार्चअखेरीपासून कत्तलींचे अहवाल पाठवत होते. ब्लड यांना तेथून हलवण्यात आले. जुनी, भक्कम लोकशाहीसुद्धा दोन माणसांच्या लहरीपुढे अशी हतबल होऊ शकते.

आणि त्याच इंदिरा गांधी? हक्सर १९७३ साली पंतप्रधानांच्या सचिवालयातून बाहेर पडले. जून १९७५ मध्ये आणीबाणीच्या घोषणेवर राष्ट्रपतींची सही रात्री झाली आणि मंत्रिमंडळाला दुसऱ्या दिवशी पहाटे बोलावून सांगण्यात आले. हा परराष्ट्र धोरणाचा विषय नाही, मान्य. पण निर्णयांची नोंद करणारे कार्यालय म्हणजे काय, हे समजायला याहून स्पष्ट प्रसंग नाही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. चीनबद्दल बाबासाहेब अचूक ठरले, म्हणून त्यांचे परराष्ट्र धोरणावरचे प्रत्येक मत अचूक होते असा दावा करू नये. ते लोकशाही राष्ट्रांच्या, म्हणजे पाश्चात्त्य देशांच्या, जवळ जाण्याच्या बाजूचे होते. शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनच्या जाहीरनाम्यात कम्युनिस्ट चीनला संयुक्त राष्ट्रांत जागा मिळवून देण्यासाठी झगडण्यापेक्षा भारताने स्वतःच्या कायम सदस्यत्वासाठी झगडावे, असे म्हटले आहे. हे आजही पटते. पण अमेरिकेच्या लष्करी करारांत सामील झालेल्या पाकिस्तानला १९६५ च्या युद्धात काय मिळाले? अमेरिकेने दोन्ही देशांची शस्त्रे थांबवली. तेव्हा गट निवडला असता तर सगळे सुरळीत झाले असते, हे म्हणणेही तपासूनच घ्यावे. राजकारणातली भक्ती अधोगतीकडे आणि हुकूमशाहीकडे नेते, असे २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत ज्यांनी सांगितले, त्यांच्याच बाबतीत आपण भक्त झालो तर ते त्यांना खचितच रुचले नसते.

बाबासाहेबांची संसदेतली भाषणे महाराष्ट्र शासनाने काढलेल्या 'रायटिंग्ज अँड स्पीचेस'च्या १५व्या खंडात आहेत. १९५४ चे भाषण तेथे मिळेल. तरुणांच्या अभ्यासवर्गात ते एकदा सलग वाचावे, अशी आमची विनंती आहे. तेवढ्यानेही वादाची पातळी बदलेल.

१९६२ च्या पराभवाचे लष्करी परीक्षण लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रूक्स आणि ब्रिगेडियर प्रेमिंद्र भगत यांनी १९६३ साली सादर केले. २०१४ साली त्यातला काही भाग नेव्हिल मॅक्सवेल या पत्रकाराने इंटरनेटवर टाकला. काँग्रेसची सरकारे आली, जनता पक्षाचे आले, भाजपची आली. अधिकृतरीत्या तो अहवाल कोणीही खुला केलेला नाही.